चावडीवर सात मीटर पाणी

सर माशांना अहो-जाहो करत. कुत्र्यांना, गाईंना, एस.टी.च्या कंडक्टरला आणि मोठ्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांनाही तेच. पहिल्यांदा भेटणाऱ्याला ही नम्रता वाटे. पण या नम्रतेत चढउतार नव्हता, आणि मोठ्या माणसांना नेमकं तेच खुपायचं. आपल्याला 'अहो' म्हणणारा हा गृहस्थ पाच मिनिटांपूर्वी एका मरळ माशाला "आपण जरा बाजूला होता का?" असं विचारत होता, हे कळल्यावर त्या 'अहो'ची गोडी कशी राहणार?

मासे ते खात नसत. "ज्यांना अहो म्हणतो त्यांना खात नाही," एवढंच कारण सांगत.

नगरच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. मी त्याच कॉलेजात मराठी शिकत होते, त्यामुळे त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. त्यांच्या निरोप समारंभाला मात्र होते, कारण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. प्राचार्यांनी ज्ञानदीप, वटवृक्ष आणि दीपस्तंभ असे तिन्ही एकाच वाक्यात बसवून सर किती थोर आहेत ते सांगितलं. उत्तर द्यायला सर उठले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. आम्हाला वाटलं, कविता असेल. प्रयोगशाळेतून गेलेल्या आणि परत न आलेल्या वस्तूंची ती यादी होती.

"मोठ्या तोंडाच्या तीन बरण्या प्राचार्यांच्या घरी लोणच्याला आहेत," सर म्हणाले. "लोणचं संपलं की परत कराव्यात. घाई नाही. फक्त त्यांत आधी बेडूक होते, एवढं वहिनींच्या कानावर घालावं."

मी आभार मानायला माइकपाशी गेले तेव्हा पहिली रांग रिकामी होती.

पुढे मला नोकरी लागली ती पर्यावरण अहवाल लिहून देणाऱ्या एका कचेरीत. कचेरी म्हणजे सावेडीला एका फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते, आणि पर्यावरणाविषयी लिहायला मालकांच्या मते तेवढं पुरत होतं. आमच्या मालकांना निसर्गाविषयी राग नव्हता, त्यांची आणि त्याची फारशी भेट झालेली नव्हती इतकंच. शास्त्रज्ञ म्हणून सही करायला त्यांना एक निवृत्त माणूस हवा होता. ते सर निघाले. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओळखलं. "त्या दिवशी आपण आभार छान मानलेत, बाई," ते म्हणाले. मी आभार मानलेच नव्हते. पण सर आत आले की मी उठून उभी राहू लागले.

सरांची दुसरी सवय वास घेण्याची. चहा, पुस्तकं, छत्री, नवा विद्यार्थी, सगळ्याचा. उत्तरपत्रिका नाकाशी धरून ते म्हणत, "ही स्वयंपाकघरात बसून अभ्यास करते, हिला पाच मार्क जास्त द्या." पण त्यांचा खरा जीव गाळावर. तळ्याचा, नदीचा, ओढ्याचा गाळ चिमटीत धरून, डोळे मिटून, अत्तराच्या दुकानात बसल्यासारखा वास घेत. "पाण्याला काय विचारायचं, बाई? ते आज इथं, उद्या पैठणला. गाळाला विचारा. तो कुठं जात नाही आणि काही विसरत नाही."

शेवगाव तालुक्याच्या टोकाला धरणाचा फुगवटा येतो. तिथल्या एका गावचे दादा (गावात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही, मीही मारत नाही) धरणाच्या पाण्यात पिंजरे टाकून मासे वाढवत. ड्रमांवर तरंगणारे सहा पिंजरे, खाली जाळ्यांच्या पिशव्या, आत पंगस. सहाचे साठ करायचे त्यांच्या मनात होतं. सरकारी कचेरीने अट घातली की परिणामांचा अहवाल करून घ्या आणि तो ग्रामसभेपुढे वाचा. कारण उघड होतं. ज्या पाण्यात साठ पिंजऱ्यांतले मासे खाणार आणि पुढचं सगळं करणार, त्याच पाण्यात गावाच्या नळयोजनेची जॅकवेल उभी होती. तिच्यातून पाणी उपसून टाकीत आणि टाकीतून घराघरात. गावाला दुसरं पाणी नव्हतं.

आमच्या मालकांनी काम दोन दिवसांत केलं. कोकण किनाऱ्यावरच्या एका मत्स्यशेतीच्या विस्ताराचा अहवाल त्यांनी कुठून तरी पैदा केला होता. संगणकाला सांगून त्यात 'समुद्र' दिसेल तिथे 'जलाशय' घातलं, आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिलं. मी ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

तासाभराने सर आले. "बाई, शेवगावला भरती किती वाजता येते?"

मी पान बघितलं. 'जलाशयाच्या भरती-ओहोटीमुळे पिंजऱ्यांखालील घाण दूर वाहून जाईल व परिणाम नगण्य राहील.' वेलांटी बरोबर होती.

"मला वाटलं, ही शास्त्रातली संज्ञा असेल," मी म्हणाले.

"आहे ना. फक्त तिला समुद्र लागतो." त्यांनी पान उलटलं. "इथं लिहिलंय, तिवरांच्या जंगलाला कोणताही धोका संभवत नाही. हे खरं आहे. हे राहू द्या."

मालक म्हणाले, "सर, भरतीचं वाक्य काढून टाका आणि सही करा." सर म्हणाले, "भरती काढली तर घाण कुठं जाते ते बघावं लागेल. चला बघायला." मालकांना त्या दिवशी नेमकं लग्न होतं. मग मी गेले.

डिसेंबर होता, पाणी काठोकाठ. सरांच्या पिशवीत सगळी उपकरणं होती: तळातून गाळ उचलायला वजन बांधलेला एक लोखंडी डबा आणि पाणी किती गढूळ ते मोजायला काळ्या-पांढऱ्या रंगाने चार भाग केलेली एक ताटली. ही ताटली दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. ती त्यांच्या लग्नातल्या भांड्यांपैकी होती. रंगवल्यानंतर काकू महिनाभर बोलल्या नव्हत्या. "त्या महिन्यात माझे दोन शोधनिबंध झाले," सर समाधानाने सांगत.

होडी बाजीरावांची. भोई समाजाचे, पन्नाशीला टेकलेले, बापजाद्यांपासून जाळं. होडी मध्यावर आली तसं त्यांनी वल्हं थांबवलं.

"हितं चावडी हाय, सर."

मी आजूबाजूला पाहिलं. पिंजरे, आणि सगळीकडे पाणी.

"खाली," बाजीराव म्हणाले. "डाव्या हाताला मारुती. त्याच्या फुडं उतारानं गेलं की खालची हीर. तिथंच आता जॅकवेल हाय बगा. वाम मारुतीपाशी घावतो, कटला चावडीवर."

धरण भरलं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं. बाजीरावांचा जन्म त्यानंतरचा. उभी चावडी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. तरी बापाकडून आलेल्या पत्त्यावर ते अचूक जाळं टाकत. पाण्यावर एक रेघ नाही, पण गल्ल्या ठरलेल्या. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी वही काढून नकाशाच काढला आणि मापं घेतली. चावडीवर सात मीटर पाणी. मारुतीवर नऊ. खालच्या विहिरीवर सर्वांत जास्त, दोरी संपली.

दादांचे सहा पिंजरे चावडीवर होते. सरांनी पिंजऱ्याखालचा गाळ वर काढला, वास घेतला आणि डबा माझ्यापुढे केला.

"घ्या, बाई."

काळा, तुपासारखा मऊ गाळ. कुजक्या अंड्याचा वास. मी तोंड फिरवलं.

"न खाल्लेलं खाद्य," सर म्हणाले, "आणि खाल्लेल्याचं पुढचं. चावडीवर ठीक आहे, जॅकवेल लांब आहे, पाणी भरपूर आहे." मग बाजीरावांकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आमच्या कचेरीतल्या एकाही छापील तक्त्यात नव्हता. "अहो बाजीराव, मे महिन्यात हे कुठं असतात?"

"पिंजरे? मे म्हैन्यात चावडीवर काकड्या असत्यात, सर." बाजीराव हसले. "पानी उतारलं की गाळ उघडा पडतो. त्याच्यात लोक गाळपेर करत्यात. काकडी, टरबूज. पिंजरे मग दोऱ्या लावून वढत न्यायचे. आदी मारुतीवर. मारुती उघडा पडला की खालच्या हिरीवर. मे म्हैन्यात पानीच तेवढं ऱ्हातं."

"म्हणजे जॅकवेलपाशी."

"पाशी कशाचं, खेटूनच की. दुसरीकडं जागाच न्हाई."

"हे कुणाला सांगितलं होतंत?"

"कुनी इचारलंच न्हाई."

सगळ्या गावाला ठाऊक होतं की पिंजरे चालतात. कागदांवर ते एका जागी ठोकलेले होते, अक्षांश-रेखांशासकट. ज्या महिन्यात पाणी डबक्याएवढं उरतं, त्या महिन्यात साठ पिंजरे गावाच्या नळाच्या तोंडाशी येऊन बसणार होते. परत येताना काठावर दादांचा माणूस पिशवीत दोन पंगस घेऊन उभा होता, साहेबांना भेट म्हणून. सरांनी पिशवीत डोकावलं.

"अहो, हे वारलेत," ते म्हणाले, आणि पिशवी बाजीरावांना दिली.

अहवालाचा पहिला खर्डा सरांनी हाताने लिहिला. नमुन्यांच्या जागा होत्या: चावडी, मारुती, खालची विहीर. मालक म्हणाले, "असं चालत नाही सर. नमुना क्रमांक एक, दोन, तीन लिहा. आणि मारुती तर नकोच, भावना दुखावतात."

"क्रमांक दोन कुठं आहे, हे गावात एकाला तरी कळेल का?"

"कळायला कशाला पाहिजे? अहवाल आहे तो."

मालक मनापासून बोलत होते, म्हणून मला हे वाक्य आवडलं. सरांनी मात्र सांगून टाकलं, मे महिन्याची पाहणी झाल्याशिवाय सही नाही. मालकांनी मला बाजूला घेतलं. "तुमचं ऐकतात ते. समजवा. दादांना ग्रामसभा जानेवारीतच हवीय, आणि दादा म्हणजे आपले पुढचे चार अहवाल आहेत." मी सरांना समजवायला गेले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मांडणी चांगली केलीत. आता हेच दादांच्या बाजूने न बोलता एकदा बोलून बघा." मी बोलून बघितलं. मग परत जाऊन मालकांना सांगितलं की जमलं नाही.

शेवटी मालकांनी तोड काढली. सही नंतर बघू, सरांनी नुसतं व्यासपीठावर बसावं. पांढऱ्या केसांचा माणूस दिसला की लोकांना अहवाल पटतो.

ग्रामसभा नव्या गावातल्या शाळेच्या पटांगणात झाली. मंडप, फलक, फलकावर दादा आणि दादांच्या मानाने लहान आकाराचा मासा. तासभर सत्कार चालले. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही नंतर सत्कार झाले. सरांच्या खांद्यावर शाल पडली. त्यांनी ती काढली, नाकाशी धरली आणि शेजारी बसलेल्या सरपंचांना, माइक चालू आहे याचं भान न ठेवता, म्हणाले, "डांबरगोळी. ही आधी कुणाला तरी दिलेली आहे." सरपंच बिचारे प्रामाणिक. "मलाच," ते म्हणाले, "गेल्या साली." मंडप पाच मिनिटं हसत होता.

मग मालकांनी अहवाल वाचला. भरती काढली होती. तिच्या जागी 'जलाशयातील नैसर्गिक अभिसरण' आलं होतं. लोकांनी ते गॅझेट ऐकावं तसं ऐकलं. सरकारी कचेरीतून आलेला तरुण अधिकारी एका बाजूला टेबलावर इतिवृत्त लिहीत होता. प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहायचं, असा नियम होता, आणि हा मुलगा नवा असल्यामुळे नियम पाळत होता.

"कुणाला काही विचारायचंय?" सरपंचांनी विचारलं. हा प्रश्न सहसा आभाराआधीचा विश्राम असतो. पण मागून कमलआत्या उठल्या.

कमलआत्या पंचाहत्तरीच्या. जुन्या गावात खालच्या अंगाला बौद्ध वस्ती होती, तिथलं त्यांचं घर. बाजीराव जिला खालची विहीर म्हणत ती त्या वस्तीची विहीर. पूर्वी तिचं दुसरं नाव होतं, ते आता कोणी मोठ्याने घेत नाही.

"त्या हिरीचं पानी मी शेंदलंय," आत्या म्हणाल्या. "तवा वरची आळी तिला शिवत नव्हती. धरान झालं, सगळ्यात खोल तिथंच निघालं, म्हनून जॅकवेल बी तिथंच बांदली. आता समदं गाव तिच्यावरचं पानी पितं. पितंय तर पिऊ द्या, माझं कायबी म्हननं न्हाई. पन आता आमी समदे प्याया लागलो, तर तुमी तिच्या तोंडाशी माशांचा उकिरडा करनार व्हय?"

पुढच्या रांगेतल्या काही म्हाताऱ्यांनी टोप्या नीट केल्या.

दादा उठले. दादा वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. त्यांना फक्त साठ पिंजरे हवे होते. "आत्या, उगा भ्या घालू नका. आपलं पानी एकदम चांगलंय. मी सोता पितो की."

"दादा, तुमच्याकडं जार येतो," आत्या म्हणाल्या. "सोमवारी आन गुरवारी. माझी सून तुमच्याकडं भांड्याला येती, जार तीच उचलून लावती."

बायकांच्या बाजूने हशा उठला. दादांनी हात वर करून तो थांबवायचा प्रयत्न केला, मग सरांकडे वळले. "हे बगा, एवढे मोठे शास्त्रज्ञ आनलेत आपन. त्यांनाच इचारा."

आमचे मालक जागच्या जागी हलले. आत्यांनी सरांकडे बघितलं.

"सर, तुमी प्याल का हे पानी?"

सर उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी घाईत उत्तर देताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही दिलं नाही त्यांनी. चावडीवर सात मीटर पाणी आहे, म्हणाले, मारुतीवर नऊ. पिंजरे कुठून कुठे जातात ते सांगितलं. ज्या गावाने हे पाणी पन्नास वर्षं उतरताना पाहिलं होतं, त्याला हे सांगायची गरज नव्हती. ते टेबलावरच्या वहीसाठी सांगत होते. मग म्हणाले, "आज पितो. मे महिन्यात, साठ पिंजरे असताना, पिणार नाही."

मालक माझ्याकडे बघत होते, मी छताकडे.

दादा अधिकाऱ्यापाशी जाऊन वाकले आणि काहीतरी बोलले. अधिकाऱ्याने पेन थांबवलं.

"सर," तो म्हणाला, "आपली दोन वाक्यं झाली. जागा कमी आहे, एकच लिहिलं तर चालेल? 'आज पितो', एवढं?"

"एकच लिहायचं असेल तर दुसरं लिहा," सर म्हणाले.

तो मुलगा क्षणभर दादांकडे बघत राहिला, क्षणभर आत्यांकडे. आत्या अजून उभ्याच होत्या. मग त्याने मान खाली घातली आणि दुसरंही लिहिलं. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा आधी बायकांचे गेले, मग बाजीरावांचा, मग टोप्यांच्या रांगेतले एक-एक. ठराव असा झाला, की मे महिन्याची पाहणी अहवालाला जोडावी, मग अर्जाचा विचार व्हावा.

दुसऱ्या आठवड्यात सरांना आणि मला दोघांनाही कळवण्यात आलं की सध्या कामाचा भार कमी आहे.

त्यानंतर दोन मे महिने येऊन गेले. दोन्ही वेळा सर आपल्या खर्चाने एस.टी.ने गेले, मीही गेले, बाजीरावांनी होडी काढली. सरांनी मापं घेऊन स्वच्छ अक्षरात दोन पानं लिहिली आणि एक प्रत दादांच्या घरी नेऊन दिली. दादांनी चहा पाजला, पानं कपाटात ठेवली. अर्ज कोणी नामंजूर केलेला नाही. सरकारी कचेरीत विचारलं तर सांगतात, अर्जदाराकडून एक जोडपत्र यायचं आहे, ते आलं की अर्ज पूर्ण होईल. ते अजून आलेलं नाही, आणि पिंजरे सहाच आहेत.